जुन्या घाटाचा बेस : काय बदलावं, काय बदलू नये

(वसईतील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



टेबलावर दोन बेस गिटार ठेवल्यात. सुरुवात त्यांच्यापासूनच करतो. डावीकडचा माझा. बंदर-बंदर फिरणाऱ्या माझ्या मामांनी जपानहून आणलेला. १९८६ साली माझ्या डोक्यात आलं, याला एकच पिकअप आहे, दुसरा बसवला की आवाज 'जॅझ बेस'सारखा येईल. घरात पटाशी होती, हातोडी होती आणि अक्कल नव्हती. (हशा) दुपारभरात मी लाकडात हा खड्डा पाडला. पुढे, आणलेला पिकअप त्यात बसेचना. मामा सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी बेस हातात घेतला, खड्ड्याच्या कडेवरून एकदा बोट फिरवलं आणि परत ठेवला. बोलले काहीच नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

उजवीकडचा बेस माझा नाही. एका दिवंगत मित्राचा आहे. गेल्या वर्षी त्याचा मुलगा तो घेऊन आला आणि म्हणाला, "काका, हा फार घूं घूं करतो. आतलं सगळं काढून नवीन सर्किट टाकू, बॅटरीचं. जागा करायला मागून लाकूड कापावं लागेल." त्या बेसचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. जुन्या घाटाच्या वाद्यावर बदल करताना परत फिरता येईल असाच बदल करा. याला एक अपवाद आहे. जिवाशी गाठ असेल तिथे मागे-पुढे न बघता बदल करा. तो अपवाद कुठला, तेही आज बघू.

'जुना घाट' म्हणजे काय?

बेस म्हटलं की आधी डबल बेस. माणसापेक्षा उंच, उभा धरून वाजवायचा. तो घेऊन विरार लोकल पकडायची कल्पना करून बघा. शिवाय त्याला पडदे नसतात, म्हणजे सूर पूर्णपणे बोटावर आणि कानावर. १९३०च्या दशकात अमेरिकेत सिॲटलच्या पॉल टटमार्क यांनी आडवा धरायचा, पडदे असलेला विजेचा बेस केला होता, पण तो फारसा चालला नाही. चालला तो लिओ फेंडर यांचा, १९५१ साली. फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. नाव दिलं 'प्रिसिजन बेस', कारण पडद्यांमुळे सूर नेमका लागतो. तारेची वाजणारी लांबी ३४ इंच ठेवली आणि तेच माप आजही बहुतेक बेसचं असतं. १९६० साली 'जॅझ बेस' आला, बारीक मानेचा, दोन पिकअपांचा. आज बाजारात 'विंटेज स्टाइल' म्हणून जे मिळतं ते बहुतांशी या दोघांचे वंशज. १९६५मध्ये फेंडर यांनी कंपनी सीबीएसला विकली आणि त्याआधीच्या वाद्यांना पुढे सोन्याचा भाव आला. म्हणून १९८२पासून कंपनीनेच जुन्या नमुन्याबरहुकूम नवे बेस काढायला सुरुवात केली. जपानमध्येही त्याच सुमारास असे बेस बनू लागले.

आपल्याकडे ही वाद्यं आली ती सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये, हॉटेलांच्या बँडमध्ये आणि मग लग्नाच्या मांडवात. राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यातले टोनी वाझ, त्या काळातले दुसरे नावाजलेले बेसवादक चरणजित सिंग, यांचा बेस तुम्ही हजार वेळा ऐकलाय, नाव माहीत नसेल. १९९१च्या आधी परदेशी वाद्य मिळवणं म्हणजे जहाजावरचा नाहीतर गल्फमधला नातेवाईक हवा. वसईत तसे नातेवाईक पुष्कळ. त्यामुळे इथल्या कित्येक घरांत माळ्यावर, पलंगाखाली असा एखादा बेस अजून पडून आहे. तुमच्यातल्या काहींच्या घरी असेल.

आवाज येतो कुठून?

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर लोखंडी तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, वेढ्यांत अतिशय क्षीण वीज तयार होते, ती अ‍ॅम्पकडे जाते. एवढंच. पण वेढ्यांना हे कळत नाही की हलतंय काय. बेसची तार असो की भिंतीतली विजेची वायर, दोन्ही ते ऐकतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. बेसच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्यावरचा 'जी' आहे ४९ हर्ट्झचा. म्हणजे वसईतली घरघर ही जवळजवळ 'जी'च असते, थोडी चढी. (वाजवून दाखवतात.) ऐकलंत? अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथली घरघर दुसऱ्या सुरात.

यावर फेंडर यांनी १९५७मध्ये तोड काढली. प्रिसिजनच्या पिकअपचे दोन तुकडे केले, एकाचे वेढे आणि चुंबक दुसऱ्याच्या उलट. तारेचा आवाज दोन्हींतून मिळून येतो, घरघर मात्र एकमेकींना खाऊन टाकते. जॅझ बेसवर हेच घडतं, पण दोन्ही पिकअपांची बटणं सारखी उघडी असतील तरच. एक बटण कमी केलं की घरघर परत. तो बिघाड नव्हे, त्या वाद्याचा स्वभाव आहे. हे माहीत नसल्यामुळे माणसं चांगले पिकअप उपटून फेकतात.

आता घरी करून बघण्याची चाचणी. बेस लावा, तारांना हात न लावता घरघर ऐका, मग तारांवर हात ठेवा. घरघर कमी झाली तर वायरिंग ठीक. फरकच पडला नाही, पण पिनेच्या जॅकच्या धातूला बोट लावल्यावर कमी झाली, तर ब्रिजकडून आत जाणारी एक वायर तुटलेली आहे. ब्रिज म्हणजे तारा जिथे अडकवतात ती पट्टी. तिच्याखालून एक साधी वायर आतल्या बटणाला सोल्डर केलेली असते. तिने सगळ्या तारा अ‍ॅम्पच्या पत्र्याशी जोडल्या जातात. ही वायर लक्षात ठेवा. पुढे तिचं काम आहे.

परत फिरता येणारे आणि न येणारे बदल

तारा बदलणं हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत मोठा बदल. जुन्या आवाजाचं अर्धं गुपित तारांत आहे. सुरुवातीच्या बेसवर चपट्या वेटोळ्याच्या, गुळगुळीत तारा असत. डेट्रॉइटचे जेम्स जेमरसन, 'मोटाउन'च्या गाण्यांचे बेसवादक, तुटल्याशिवाय तारा बदलत नसत म्हणतात. साठच्या दशकात गोल वेटोळ्याच्या, खणखणीत तारा आल्या आणि बेस पुढे येऊन बोलायला लागला. तुम्हाला हवा तो जुना आवाज कदाचित एका पाकिटात मिळेल. आधी ते करून बघा.

पिकअप, बटणं, टोनचा कपॅसिटर, ब्रिज, खुंट्या, हे सगळं बदलता येतं. अट एकच, नवीन भोक पाडायचं नाही. मूळ स्क्रूच्या जागीच बसणारा ब्रिज घ्या. काढलेला प्रत्येक भाग, प्रत्येक स्क्रू बिस्किटांच्या डब्यात ठेवा आणि डब्यावर तारीख लिहा. सोल्डर काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. बटणांची किंमत साधारण २५० किलो-ओहम, टोनचा कपॅसिटर बहुधा ०.०४७ मायक्रोफॅरड. ही दोनशे रुपयांच्या आतली कामं आहेत आणि दहातली सात 'आवाज गेला' प्रकरणं माझ्याकडे तरी इथेच मिटतात.

लाकूड कापणं, रंग खरवडणं, पडदे उपटणं, हे परत न येणारे बदल. आता कोणीतरी विचारेलच, मग जॅको पास्टोरियसचं काय? बरोबर आहे. त्यांच्या १९६२च्या जॅझ बेसचे पडदे काढलेले होते. भेगा लांबीने भरल्या होत्या आणि वरून होड्यांना लावतात ते इपॉक्सी चढवलं होतं. अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या माणसाला ते काम लगेच समजेल. पडदे गेले की बोट तारेवर सरकवून मींड काढता येते, आणि १९७६च्या त्यांच्या पहिल्या अल्बमने बेस काय करू शकतो याची कल्पनाच बदलली. पण त्यांना काय हवं होतं ते कानात आधी ऐकू येत होतं. मला १९८६मध्ये काहीही ऐकू येत नव्हतं. मी एक फोटो बघितला होता. (हशा)

वसईचा पाऊस, खारं वारं आणि मान

चार तारा मिळून मानेवर साधारण पाऊणशे किलोचा ताण देतात. म्हणजे एक धडधाकट माणूस रात्रंदिवस त्या लाकडाला लटकलेला असतो. त्याला तोंड द्यायला मानेच्या पोटात एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. आपल्याकडे मे महिन्यातलं लाकूड आणि जुलैमधलं लाकूड एक नसतं. पावसात ते पाणी पितं, मान हलते. कुठल्या बाजूला, हे त्या लाकडावर अवलंबून.

तपासायचं कसं? पहिल्या पडद्यावर तार दाबा, दुसऱ्या हाताने मान जिथे धडाला मिळते तिथे दाबा. मधोमध, सातव्या-आठव्या पडद्यापाशी, तार आणि पडदा यांत साधारण ०.३ मिलिमीटर फट हवी. दोन-तीन पोस्टकार्डं रचली तर जेवढी जाडी होईल, त्याहून कमीच. फट जास्त असेल तर सळई घट्ट करायची, मान मागे वाकलेली असेल तर सैल. एका वेळी पाव फेरा. मग एक दिवस थांबा. लाकडाला घाई कळत नाही. आणि जुन्या घाटाच्या बेसमध्ये सळईचा स्क्रू मानेच्या बुडाशी असतो. तारा सैल करून मान उतरवल्याशिवाय तिथे नीट पोचता येत नाही. पुष्कळ जण तसेच पेचकस घुसवतात आणि स्क्रूची खाच मारतात. ती खाच मेली की मोठं काम निघतं.

खारी हवा लोखंड खाते. ब्रिजचे छोटे स्क्रू गंजून बसतात. पावसाळ्याच्या तोंडाशी प्रत्येकावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, सुईच्या टोकाने. तेल लाकडाला लागू द्यायचं नाही. वाजवून झालं की तारा सुती फडक्याने पुसायच्या. बेस बंद पेटीत महिनोन्‌महिने ठेवू नका, पेटीतल्या मखमलीला बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पुड्याही अधूनमधून बदला. बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवणं तर नकोच. आपल्या भिंती पावसात घाम गाळतात.

त्या काळ्या पट्टीचीही एक गंमत सांगतो. साठच्या दशकापासून जगभरच्या गिटारींच्या पट्ट्यांना भारतीय शिसव वापरलं जातं. म्हणजे आपलंच झाड समुद्रापार जाऊन बेस होऊन परत येतं. २०१७पासून शिसवाच्या सगळ्या जातभाईंच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आलं, २०१९मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. त्यामुळे तुमच्या जुन्या बेसची पट्टी ही नुसती पट्टी नाही. तिला घासून पातळ करू नका.

अ‍ॅम्प : जिथे परत फिरणं नसतं

आता तो अपवाद.

बेसचा अ‍ॅम्प गिटारच्या अ‍ॅम्पपेक्षा ताकदवान लागतो, कारण खालचा सूर हलवायला हवा जास्त ढकलावी लागते. १९५२मध्ये फेंडरचा 'बासमन' आला, १९६९मध्ये अँपेगचा ३०० वॉटचा 'एसव्हीटी'. हे व्हॉल्व्हवाले अ‍ॅम्प. त्यांच्या पोटात ४००-५०० व्होल्ट असतात, एसव्हीटीमध्ये ७००च्या घरात. प्लग काढला तरी मोठे कपॅसिटर वीज धरून ठेवतात. म्हणून व्हॉल्व्ह अ‍ॅम्प घरी उघडायचा नाही. ज्याला ते कपॅसिटर रिकामे करता येतात त्यानेच उघडायचा. स्पीकर जोडल्याशिवाय तो चालूही करायचा नाही, आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. साध्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचं उलटं आहे. त्याला स्पीकर नसला तर चालतं, पण स्पीकर जास्त झाले तर चालत नाही. ८ ओहमचे दोन समांतर जोडले की ४ ओहम होतात. मागे '४ ओहम' लिहिलं असेल तर तिसरा जोडू नका.

अमेरिकेतून कोणी जुना अ‍ॅम्प आणला तर तो ११७ व्होल्टचा असतो, जपानचा १०० व्होल्टचा. आपल्याकडे २३०. मधे व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. पण वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे, ६० हर्ट्झसाठी बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडावर वीस टक्के जादा ताण येतो. तो तापतो. हात लावून बघत जा. आणि बाजारातल्या बऱ्याच उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरना दोन पिनांचंच सॉकेट असतं. म्हणजे अर्थिंग तिथेच संपलं.

आठवते ती वायर, ब्रिजखालची? ती तारांना अ‍ॅम्पच्या पत्र्याशी जोडते. पत्रा अर्थिंगने जमिनीशी जोडलेला असेल तर तुम्ही सुरक्षित. पण अर्थिंग नसेल आणि आत काही बिघडून पत्र्यावर वीज आली, तर तीच वीज तुमच्या बोटांखालच्या तारांत येते. माईक दुसऱ्या सिस्टिमचा, तो नीट अर्थ केलेला. तुमचा हात तारेवर, ओठ माईकला. मधला रस्ता म्हणजे तुमची छाती. ३ मे १९७२ला वेल्समधल्या स्वान्सीत लेस्ली हार्वी हा स्कॉटिश गिटारवादक असाच रंगमंचावर गेला. वय सत्तावीस. जुन्या अमेरिकन अ‍ॅम्पमध्ये तर मेन्सपासून पत्र्यापर्यंत एक कपॅसिटर जोडलेला असायचा. तो बिघडला की पत्र्यावर थेट वीज. दुरुस्ती करणाऱ्यांनी त्याला नावच ठेवलंय 'डेथ कॅप'.

आता आपला मांडव डोळ्यासमोर आणा. पावसाची सर येऊन गेलेली, खाली ओलं गवत, जनरेटर दूर, बोर्ड लाकडी फळीवर ठोकलेला. बेस घरघरतो. कोणीतरी जाणता पुढे येतो आणि म्हणतो, "तिसरी पिन काढ, घरघर जाईल." आणि जाते! हाच घात आहे. घरघर बहुधा यासाठी येते की अ‍ॅम्प आणि माईकची सिस्टिम वेगवेगळ्या बोर्डांवर असतात, त्यांच्या अर्थिंगचं एक मोठं कडं तयार होतं. उपाय साधा आहे. सगळं एकाच बोर्डवर लावा. तेवढ्याने नाही गेली तर डीआय बॉक्स वापरा, त्यावरचं ग्राउंडचं बटण फक्त आवाजाच्या वायरची जमीन तोडतं, विजेची नाही. पिन कापायची नाही. आपल्या प्लगची ती पिन जाड आणि लांब का असते? सॉकेटमध्ये ती सर्वांत आधी लागावी आणि सर्वांत शेवटी सुटावी म्हणून.

मी पिन कापलेल्या अ‍ॅम्पवर वाजवलंय. एका लग्नात ओठाला असा झटका बसला की माईक खाली पडला आणि लोकांना वाटलं मी रंगात आलोय. (हशा) हसतो आपण, पण त्या दिवशी नशीब चांगलं होतं म्हणून आज इथे उभा आहे.

तेव्हा दोन पिनांचा जुना अ‍ॅम्प असेल तर जाणकाराकडून तीन पिनांची वायर घालून घ्या, तो कपॅसिटर काढून टाका, वाळलेले फिल्टर कपॅसिटर बदला. इथे 'मूळ' वगैरे काही बघायचं नाही. फ्यूज गेला तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून घालू नका. घरच्या सॉकेटमध्ये तिसरं भोक असलं म्हणजे अर्थिंग असतंच असं नाही. वायरमनला मल्टिमीटरने बघायला सांगा. फेज आणि अर्थमध्ये २३०च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम दोन-चार व्होल्ट आले पाहिजेत. बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या.

त्या मुलाचा बेस

मी त्याला आधी तारांवर हात ठेवायला सांगितलं. घरघर तेवढीच. जॅकला बोट लावलं, कमी झाली. मागचं लाकूड कापायची गरजच नव्हती. बटणाची पट्टी उघडली. ब्रिजची वायर तुटली होती. त्याच्या वडिलांनी कधीतरी स्वतः जोडलेली, सोल्डरचा हा एवढा गोळा. मी तो गोळा तसाच ठेवला आणि त्याच्या शेजारी वायर पुन्हा जोडली. पाच मिनिटांचं काम.

मग म्हटलं, अ‍ॅम्पही घेऊन ये. त्याने आणला. तिसरी पिन मुळापासून कापलेली. तो पोरगा सहा महिने, लादीवर अनवाणी बसून, त्यावर रियाझ करत होता. ब्रिजची वायर तुटलेली होती म्हणून तारा त्या पत्र्याशी जोडलेल्याच नव्हत्या. म्हणजे मी ती वायर जोडून त्याला तसाच घरी पाठवला असता, तर अ‍ॅम्प बिघडल्या दिवशी वीज थेट त्याच्या बोटांत आली असती. तेव्हापासून माझ्याकडे बेस आला की मी अ‍ॅम्पचा प्लग आधी बघतो, बेस नंतर.

श्रोत्यांचे प्रश्न

*स्वस्त बेसवर एवढा खर्च करावा का?*
मान सरळ असेल तर जरूर. आधी तारा आणि सेटिंग, मग बटणं, पिकअप सगळ्यात शेवटी. मान पिळलेली असेल तर पैसे घालू नका.

*जुन्या तारा उकळून परत लावतात, ते बरोबर का?*
गोल वेटोळ्याच्या तारांतला मळ निघतो, थोडे दिवस चमक येते. नंतर पूर्ण वाळवल्या नाहीत तर गंज. आमची पिढी करायची, कारण दुसरं पाकीट मिळायचं नाही.

*तुमच्या बेसचा खड्डा बुजवला का नाहीत?*
बुजवता येतो. लाकडाचा तुकडा बसवून वर रंग मारला तर तुम्हाला दिसणारही नाही. मामा असेपर्यंत तो झाकणं मला बरं वाटलं नाही, आणि आता राहून गेलंय. वाजतो मात्र छान.

बरं, मल्टिमीटर टेबलावर आहे. ज्यांनी अ‍ॅम्प किंवा नुसता प्लग आणलाय त्यांनी थांबा, एकेक करून बघू.